शेजारच्या टेबलाला गुलाबजाम, आपल्याला बडीशेप: तक्रार करायची का?

प्रश्न थोडक्यात असा. रविवारी रात्री ८ वाजून १० मिनिटांनी सहा जणांचं कुटुंब हॉटेलात पोचलं, बरोबर आजी-आजोबा. यादीत पाचवं नाव लागलं. "वीस मिनिटं" सांगितली, लागली पन्नास. दरम्यान मागून आलेले तीन गट आत जाऊन बसले. जागा मिळाली तर शेजारच्या टेबलाशी मालक स्वतः येऊन गप्पा मारून गेले, तिथे न मागवता गुलाबजाम आले, बिलातही काहीतरी कमी झालं. यांच्या रोट्या मात्र भाजी गार झाल्यावर आल्या. निघताना आजोबांनी गल्ल्यावर सुनावलं, "त्यांचे लाड, आणि आम्ही काय फुकट जेवायला आलो होतो?" आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो बोलले ते बरं झालं, दुसरा म्हणतो चारचौघांत शोभा झाली.

तक्रार करण्यासारखं त्या रात्री दोनदा घडलं: वीसची पन्नास मिनिटं झाली तेव्हा आणि रोट्या रखडल्या तेव्हा. त्या दोन्ही वेळी कुणी बोललं नाही. बोलले ते गुलाबजामवर, आणि तेही जेवण उरकल्यावर, जेव्हा हॉटेलवाल्याला माफी मागण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसऱ्याला काय मिळालं हा मुद्दा हॉटेलात जवळजवळ कधीच टिकत नाही. आपल्याला जे कबूल केलं ते मिळालं का, हा टिकतो. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

आधी जागेचं बघू, कारण सगळ्यात जास्त डोकी तिथेच तापतात. यादी कागदावर एक दिसली तरी कॅप्टनच्या (वेटरांवर देखरेख करणाऱ्याच्या) डोक्यात रांगा तीन असतात: दोघांची, चौघांची, सहांची. समजा हॉटेलात वीस टेबलं आहेत. आठ दोघांची, नऊ चौघांची, तीन सहांची. रविवारी रात्री एक टेबल साधारण ६० मिनिटं अडतं असं धरलं, तर दोघांचं टेबल दर साडेसात मिनिटांनी सुटतं, चौघांचं पावणेसात मिनिटांनी आणि सहांचं वीस मिनिटांनी. शिवाय सहा जण ६० मिनिटांत उठत नाहीत. मुलांचं आइस्क्रीम असतं, मग "बिल मी देतो, मी देतो" असतं. ७५ मिनिटं धरा. म्हणजे सहांचं टेबल पंचवीस मिनिटांनी एक. तुमच्या आधी सहांचा फक्त एक गट असला, तरी तुमची पाळी दुसऱ्या टेबलाला, म्हणजे पन्नास मिनिटांनी. तेवढ्या वेळात दोघांची सहा टेबलं सुटून पुन्हा भरलेली असतात. मागून आलेली जोडपी तुमच्यासमोरून आत जातात ती अशी. त्यात वशिला नसतो.

"मग दोन चौघांची टेबलं जोडा की!" हेही दारात रोज ऐकू येतं. त्यासाठी शेजारशेजारची दोन टेबलं एकाच वेळी सुटावी लागतात. नाहीतर एक टेबल दुसऱ्याची वाट बघत रिकामं ठेवायचं, आणि बाहेर वीस माणसं उभी असताना रिकामं टेबल कुणी ठेवत नाही. ठेवलं तर त्या रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून आणखी चार जण भांडतात.

शिवाय आपणच घातलेल्या अटी आपण विसरतो. "आजींना जिना चढवत नाही, खालीच द्या", "एसीतच हवं", "पंख्याखाली नको". अटी रास्त आहेत, पण प्रत्येक अटीने चालणारी टेबलं निम्मी होतात. सहांच्या तीन टेबलांपैकी तळमजल्यावर एकच असेल तर रांग पंचवीस मिनिटांची राहत नाही, सव्वा तासाची होते. मागचा गट माळ्यावर बसायला तयार झाला की तो पुढे गेला. याखेरीज बुकिंगवाले असतात. त्यांचं टेबल बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवतात. आणि नाव पुकारलं तेव्हा आपण समोरच्या पानाच्या गादीवर असलो, तर दोनदा पुकारून पुढचं नाव घेतात. सगळी माणसं आल्याशिवाय बसवायचं नाही असाही बऱ्याच ठिकाणी नियम असतो. "दोघं गाडी लावतायत" हे कॅप्टनने हजारदा ऐकलेलं असतं, आणि ती दोघं कधी कधी अजून डेक्कनलाच असतात.

म्हणून दारात "किती वेळ लागेल?" विचारू नका. त्याचं उत्तर "पंधरा-वीस मिनिटं" हे ठरलेलं आहे, कारण पन्नास म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जातं. विचारायचं ते हे: "सहाच्या टेबलासाठी आमच्या आधी किती गट आहेत, आणि सहाची टेबलं किती?" या दोन आकड्यांवरून थांबायचं की जायचं ते तुमचं तुम्हीच ठरवू शकता. सांगितलेल्या वेळेवर दहा मिनिटं गेली की मॅनेजरकडे जायचं, पण शेजाऱ्यांचा उल्लेख न करता: "आम्ही ८.१० ला नाव दिलं, सहा जण. वीस मिनिटं सांगितली होती, तीस झाली. आता सहाचं कोणतं टेबल सुटतंय? नसेल तर चार आणि दोन जवळजवळ मिळतील का? आणि तोवर या दोघांना बसायला खुर्च्या द्या." शेवटचं वाक्य विसरू नका. ज्येष्ठांसाठी, गरोदर बाईसाठी, कुबडीवर आलेल्या माणसासाठी खुर्ची मागणं, पुढे घ्या म्हणणं हा हक्काचा विषय आहे. तो न मागता पन्नास मिनिटं कुढत उभं राहायचं आणि मग गुलाबजामवर राग काढायचा, हे उलटं झालं.

खरा वशिला ओळखायचा कसा? गट तुमच्याएवढाच, आला तुमच्यानंतर, अटी त्याच, आणि बसला आधी. तेव्हा सरळ विचारावं, "या सहाजणांचं बुकिंग होतं का?" आवाज न चढवता. बुकिंग असेल तर मॅनेजर वही किंवा फोन दाखवतो. नसेल तर तो गडबडतो, आणि पुढचं टेबल बिनबोभाट तुमचं होतं. रांग हे हॉटेलने सगळ्यांना दिलेलं वचन असतं, ते मोडलं तर दुसऱ्याबद्दल बोलायला हरकत नाही. हा पहिला अपवाद.

आता रोट्या. मागून ऑर्डर दिलेल्यांचं जेवण आधी येतं, याचं उत्तर बहुतेक वेळा भटारखान्याच्या रचनेत असतं. वेटरने घेतलेली ऑर्डर केओटी (किचन ऑर्डर तिकीट), म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी म्हणून आत जाते आणि तिथे तिचे तुकडे पडतात: तंदूरवाल्याकडे एक, भाज्या-ग्रेव्हीवाल्याकडे एक, चायनीजकडे एक, तव्यावर एक. प्रत्येकाची रांग वेगळी. सहा जणांनी पनीर, हाका नूडल्स, उत्तपा, रोट्या असं मागवलं तर चार रांगांत उभं राहावं लागतं. शेजारी दोघांनी दोन साधे डोसे सांगितले तर एकाच. तव्यावर तर आणखी गंमत असते. डोसेवाला एका दमात चार-सहा डोसे टाकतो आणि एकाच जातीचे टाकतो. साधे डोसे चालू असताना तुमच्यानंतर आलेली साध्या डोशाची ऑर्डर त्याच घाण्यात निघून जाते. तुमचा कांदा उत्तपा जाड, मंद आचेवर झाकून सात-आठ मिनिटं घेणारा. तो आणि डोसा एकत्र लावले तर दोन्हींपैकी एक बिघडतो.

रोटीचं दुखणं वेगळं. रोटी भट्टीत लागायला दीड-दोन मिनिटंच लागतात, पण साडेआठला सगळ्या टेबलांना ती एकदमच हवी असते. त्यात "रोटी नंतर सांगतो" असं आपणच म्हटलेलं असतं. नंतर सांगितलं की नंतरच्या रांगेत. यावर उपाय ऑर्डर देतानाच करायचा: "भाजी बाहेर पडेल तेव्हा पहिल्या सहा रोट्या लावा, पुढच्या चार दहा मिनिटांनी." वेटर हे लिहून घेतो. बारा रोट्या एकदम मागवल्या तर शेवटच्या सहा चामड्यासारख्या होतात, आणि मग तीही तक्रार.

भरलेल्या हॉटेलात वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि पापडसुद्धा आला नाही, तर शेजाऱ्याच्या ताटाकडे बघू नका. कॅप्टनला बोलावून एवढंच विचारा, "आमची केओटी लागली का, किती वाजता?" केओटीवर वेळ छापलेली असते. ऑर्डर तोंडी घेतली आणि आत दिलीच नाही, ही चूक गर्दीत होतेच. हा प्रश्न ऐकल्यावर कॅप्टन आत जाऊन बघतो. "किती वेळ?" ऐकल्यावर तो "आलंच" म्हणतो आणि दुसऱ्या टेबलाकडे वळतो.

गुलाबजामकडे येऊ. फुकट गेलेल्या पदार्थाचीही केओटी निघते, तिला एनसी म्हणतात, म्हणजे पैसे न लावायची. त्यावर कारण लिहावं लागतं, नाहीतर महिनाअखेरीस हिशेब लागत नाही. ती कारणं बघितली तर राग निम्मा उतरेल. वाढदिवस असतो. रोजचं गिऱ्हाईक असतं. मालकाचा व्याही असतो. पुढच्या महिन्यात साखरपुड्याची दीडशे पानं देणारी पार्टी असते. आणि एक कारण बाहेरून कधीच ओळखू येत नाही: त्या टेबलाचं आधी काहीतरी बिघडलेलं असतं. भाजीत केस निघाला, चुकीची डिश आली, वेटरच्या हातून साडीवर ताक सांडलं. मालक येऊन हसून गप्पा मारतो तो पुष्कळदा माफी मागत असतो. तुम्हाला दिसलेला मान म्हणजे त्यांची झालेली भरपाई असू शकते. बिलातली सूटही तशीच: ॲपवरून आगाऊ जागा घेतल्याची, बँकेच्या कार्डाची, नाहीतर न आलेली डिश वगळल्याची. एसी आणि साध्या भागाचे दर वेगळे असतात तिथे तर दोन बिलं जुळणारच नाहीत. तुम्ही बिल ताडायचं ते आपल्या मेनूकार्डाशी. कार्डावरच्या दरापेक्षा जास्त लावलं असेल तर तिथल्या तिथे दाखवायचं.

"त्यांना दिलं, आम्हाला का नाही?" या प्रश्नाला मॅनेजरकडे दोनच उत्तरं असतात. एक, थाप मारणं. दोन, तुमच्या टेबलावरही दोन वाट्या आपटून तोंड बंद करणं. दुसरं झालं तर गुलाबजाम मिळतील, पण रोट्यांचं कुणी लिहून घेणार नाही, आणि पुढच्या रविवारी रोट्या तशाच येतील.

काही ठिकाणी खास वागणूक हा त्या जागेचा रिवाजच असतो, तिथे तक्रार केली तर आपलंच हसं होतं. खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले मेंबर असतात. दीड वाजता भाजी संपली तरी त्यांची वाटी झाकून ठेवलेली असते. ती त्यांनी पहिल्या तारखेलाच विकत घेतलेली आहे. इराण्याकडे अनोळखी माणूस आपल्या टेबलावर येऊन बसतो, कारण तिथे खुर्ची आपली असते, टेबल नाही. कोल्हापुरी ताटात तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा मागता येतो, मटणाचे तुकडे मात्र मोजून असतात. शेजारी दुसऱ्यांदा मटण आलं तर त्याने वेगळी प्लेट सांगितली असणार. मालवणी हॉटेलात "त्यांची सुरमई मोठी, आमची एवढीशी" हा नेहमीचा सल. सुरमई म्हणजे निमुळता मासा. मधल्या तुकड्या गोल आणि रुंद, शेपटीकडच्या बारक्या, आणि एका माशात दोन्ही येणारच. रोजचा माणूस ऑर्डर देतानाच "मधली तुकडी द्या" म्हणतो, म्हणून त्याला मिळते. तुम्हीही म्हणा. ताट आल्यावर म्हणून उपयोग नाही, तोवर तुकडी रव्यात घोळून तव्यावर गेलेली असते. अमर्याद थाळीच्या हॉटेलात भटारखान्याच्या दाराजवळच्या टेबलांना पुरी फुगलेली मिळते आणि टोकाच्यांना बसलेली. तिथे "दाराजवळ द्या" म्हणून बघा, लोक ती जागा नको म्हणतात म्हणून पटकन मिळते.

उरलेले अपवाद गंभीर आहेत. दुसऱ्याच्या लाडाने तुमचं जेवण बिघडत असेल तर बोलायचंच. मालकाच्या दोस्ताने टेबलावरच सिगारेट पेटवली, वाढदिवसाच्या टेबलासाठी स्पीकर तुमच्या कानाशी लावला, तुम्ही जेवत असताना "जरा तिकडे सरकाल का, पार्टी मोठी आहे" म्हणून उठवलं. सिगारेटचा नियम स्पष्ट आहे: २ ऑक्टोबर २००८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. तीस किंवा त्याहून जास्त आसनांच्या हॉटेलला वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते, पण कुटुंबाच्या शेजारचं टेबल म्हणजे ती जागा नव्हे. अशा वेळी त्या गिऱ्हाइकाशी थेट बोलू नका, मॅनेजरला सांगा. गिऱ्हाईक-गिऱ्हाईक भांडण लागलं की हॉटेल रोजच्या माणसाची बाजू घेतं.

आणि दुसऱ्यावर मेहेरबानी वेगळी, तुम्हाला नाकारणं वेगळं. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान बघून जागा नाकारली, मुद्दाम कोपऱ्यात बसवलं, तर "राइट ऑफ ॲडमिशन रिझर्व्ह्ड" ही पाटी कामाची नाही. राज्यघटनेच्या १५(२) कलमात दुकानं आणि हॉटेलांत प्रवेशाबाबत असा भेदभाव करायला मनाई आहे, आणि अस्पृश्यतेच्या कारणाने अडवलं तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. तिथे गोड बोलून प्रकरण मिटवायची गरज नाही. वेळ, कोण काय बोललं, सोबत कोण होतं हे तिथेच फोनमध्ये लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा.

कुणाशी काय बोलायचं याचीही उतरंड असते. पाणी, ताटल्या, चमचे यासाठी वाढपी. डिश चुकली, गार आली, उशीर झाला तर कॅप्टन. रांग, बिल, कुणाचं उद्धट वागणं यासाठी मॅनेजर किंवा गल्ल्यावरचे शेठ. वाढप्याला रांगेबद्दल ओरडून काही होत नाही, टेबल देणं त्याच्या हातात नाही आणि शेजारचे गुलाबजामही त्याने दिलेले नाहीत. डिश परत करायची तर दोन घासांत. पाऊण संपल्यावर "खारट होती" म्हटलं तर कुणी ऐकत नाही. हाक मारायची ती दादा, भाऊ, मामा, उडप्याकडे अण्णा. "शुक शुक", टिचकी, "ए" यांनी माणूस येतो, पण मनातून तुमचं टेबल शेवटी टाकतो. ज्याला खास वागणूक म्हणतात ती पुष्कळदा एवढ्यावरच ठरते, टिपेवर त्याहून कमी.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर तारीख, वेळ, किती जण, काय सांगितलं होतं आणि काय झालं एवढंच लिहा. शेजारच्या टेबलाचा फोटो टाकू नका. "लिहीन हं" असा दम देऊन सूट मागणाऱ्यांना सूट कधी कधी मिळते, आणि त्यांचा नंबरही सेव्ह होतो.

पुढच्या वेळी सहा जण जाणार असाल तर दुपारी ४ ते ६ च्या दरम्यान हॉटेलात फोन करा. तेव्हा भटारखाना शांत असतो आणि मॅनेजर फोनवर बोलायला मोकळा असतो. सहा जण, दोन ज्येष्ठ, तळमजला, ७.१५ ला येतो, असं सांगा आणि फोन घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. रविवारी बुकिंग घेत नाहीत असं म्हणाले तर ७.१५ लाच पोचा. पहिल्या फेरीची सहाची टेबलं तेव्हा रिकामी असतात. पुढची साधारण सव्वाआठ-साडेआठला सुटतात, आणि तोवर दारात गर्दी झालेली असते. आजोबांना घडल्या प्रकाराची चुटपुट लागली असेल, तर त्याच हॉटेलात आठवड्यातल्या एखाद्या दिवशी जा आणि मॅनेजरला रोट्यांचं शांतपणे सांगा. आजोबांच्या वतीने माफी मागायची गरज नाही. गल्ल्यावर असं रोज दोघे-तिघे बोलून जातात.